कारणाचा रकाना

कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या तिरक्या छताच्या खोलीत पोर्टल सांभाळणाऱ्या बाई बसत. खुर्चीतून उठताना डोकं सांभाळावं लागे अशी ती खोली. आत एक टेबल, दोन संगणक आणि भिंतीत काढलेली एक खिडकी. खिडकीपाशी सकाळपासून रांग, आणि रांगेतल्या दहापैकी नऊ जणांचं गाऱ्हाणं एकच: पासवर्ड विसरला. म्हणून पोरांनी त्यांचं नाव पासवर्डबाई पाडलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळून सगळेच म्हणत. सुरुवातीला त्यांना राग यायचा. मग रागवायचाही कंटाळा आला.

त्या इथे टंकलेखनाच्या कामावर लागल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, आता छप्पन्न. त्या काळी मुलांची माहिती लोखंडी कपाटात असे. कपाटाला एक किल्ली आणि ती किल्ली यांच्या पर्समध्ये. माहिती सुरक्षित ठेवायची म्हणजे पर्स सांभाळायची, एवढंच. पुढे संगणक आले, त्यामागून पोर्टल आलं. हजेरी, गुण, निबंध, अर्ज, फोटो, पत्ते, आईवडिलांचे फोन, सगळं त्यात गेलं. एक दिवस प्राचार्य म्हणाले, "बाई, पोर्टल वापरण्याचे नियम लिहायला सांगितलंय वरून. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा."

नियम टाइप करायचे होते, त्यात अक्षराचा काय संबंध, हे विचारायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी गिळलं. दुसऱ्या कॉलेजचे नियम उचलून नाव बदलता आलं असतं, बहुतेक जण तेच करतात. पण बाईंचा स्वभाव आडवा. त्यांनी दोन महिने खपून एकोणीस कलमं स्वतःच्या शब्दांत लिहिली. दुसऱ्याच्या खात्यात शिरायचं नाही. पोर्टलवरून मिळालेला कोणाचा फोटो, गुण, नंबर पुढे पाठवायचा नाही. विद्यार्थ्याच्या आजारपणाची माहिती ज्याला कामासाठी लागते त्यालाच दाखवायची. कोण काय उघडतं याची नोंद कॉलेज ठेवेल, पण ती नोंद दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळणार नाही. आणि चौदावं कलम: माहिती चुकून बाहेर गेलीच, तर ज्यांची गेली त्या प्रत्येकाला तीन दिवसांत सांगायचं आणि चूक कोणाची तेही सांगायचं.

"हे चौदावं कशाला?" प्राचार्यांनी विचारलं होतं. "आपल्याकडे असं कधी झालंय का?"

"झालं नाही म्हणूनच आत्ता लिहिता येतंय, साहेब."

ते कलम राहिलं. दर वर्षी अकराशे विद्यार्थी पोर्टलवर पहिल्यांदा शिरताना हे नियम समोर येत आणि सगळे खालच्या चौकोनात 'वाचले, मान्य आहे' अशी खूण करत. चार पानांना सरासरी किती वेळ लागतो हे पोर्टल दाखवतं. अकरा सेकंद. प्राध्यापकांपैकी एकाने नियम खरोखर वाचले होते. त्यांनी येऊन शुद्धलेखनाची एक चूक दाखवली होती.

त्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात बाईंचा अगदी पिट्ट्या पडला होता. कचेरीतले दोघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, त्यांचं काम वाटून आलं, म्हणजे यांच्याकडे आलं. घरी नवऱ्याचे हात थरथरू लागल्याला वर्ष झालं होतं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, भिंगातून केसाएवढी चाकं बसवणारा. आता त्याच्या सदऱ्याची बटणं सकाळी बाईच लावून देत. तो मान वर करून छताकडे बघत उभा राही आणि म्हणे, "उशीर होतोय तुला." दोघांनी याविषयी कोणाला सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना वाटे, दुकान विकून गडी मजेत बसलाय.

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास खिडकीत बारा जण होते. फोन वाजत होता. परीक्षा विभागाचा निरोप तिसऱ्यांदा आला होता: जादा वेळ मिळणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी पर्यवेक्षकांच्या फोल्डरमध्ये अजून का नाही? यादीत सदतीस नावं होती. नाव, वर्ग, किती मिनिटं जास्त, आणि शेवटचा रकाना कारणाचा. बाईंनी एका हाताने फोन धरला, दुसऱ्याने यादी चढवली, खिडकीतल्या मुलीला तिचा नवा पासवर्ड सांगितला आणि पुढच्याला बोलावलं.

बाराला सात कमी असताना एक विद्यार्थी रांग मोडून पुढे आला. मागचे ओरडले. तो खिडकीत वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही एक यादी टाकलीये. ती सगळ्यांना दिसतेय."

"कुठली?"

"जादा वेळेची. सूचनांच्या पानावर आहे. माझं पण नाव आहे त्यात."

बाईंनी पान उघडलं. सर्वांसाठीच्या सूचनांमध्ये, परीक्षेच्या वेळापत्रकाच्या बरोबर वर, सदतीस जणांची दुखणी ओळीने लावलेली. दिसायला कमी. तोतरेपणा. फिट्स. अक्षरं उलटी दिसतात. एकीच्या नावापुढे: नैराश्य, औषधे चालू, सहा आठवडे रुग्णालयात. फोल्डर निवडताना बोट एक ओळ वर पडलं होतं. बस, एवढंच झालं होतं.

त्यांनी यादी काढली.

पोर्टलची नोंद त्यांनी तिथल्या तिथे उघडली. यादी बावन्न मिनिटं उघडी होती. दोनशे चौदा जणांनी पाहिली होती, त्रेसष्ट जणांनी उतरवून घेतली होती. खिडकी लोटून त्या वर प्राचार्यांकडे गेल्या. वीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला गुडघा बोलत होता.

प्राचार्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण बभ्र्याला फार भ्यायचा.

"काढलीत ना यादी? मग झालं."

"झालं कसं साहेब? त्रेसष्ट जणांकडे ती आहे."

"असेल. पोरं बघतात आणि विसरतात. आता आपणच दवंडी पिटायची का? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई."

"मूठ बावन्न मिनिटं उघडी होती."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. हे कागदावर आलं की चौकशी लागणार. का हात दाखवून अवलक्षण करून घेताय?"

"चौदावं कलम आहे."

"ते तुम्हीच लिहिलंय!"

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या. त्यात ताठा नव्हता. बसायला खुर्ची मिळाली असती तर त्यांनी कदाचित थोडा वाद घातला असता. उभ्याने तेवढंच सुचलं.

खाली येऊन त्यांनी चुकांची नोंदवही काढली. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच रेघा मारून ती तयार केली होती आणि सहा वर्षं ती कोरी होती. तारीख, वेळ, काय गेलं, किती जणांचं गेलं. 'चूक कोणाची' या ठिकाणी त्यांनी आपलं पद लिहिलं आणि खाली सही केली. मग खिडकीवर चिठ्ठी चिकटवली: खिडकी दोन दिवस बंद. पासवर्ड विसरू नये.

त्या दोन दिवसांत त्यांनी यादीतल्या सगळ्यांना स्वतः फोन केले. तोंड उघडणं पहिल्या फोनला सर्वांत जड गेलं, नंतर ठरलेली वाक्यं आपोआप येऊ लागली आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. तोतरा बोलणारा मुलगा खो खो हसला. म्हणाला, "मॅ-मॅडम, हे तर मी तोंड उघडलं की सगळ्यांना कळतं!" फिट्स येणाऱ्या मुलीच्या वडिलांनी फोन हिसकावून घेतला आणि दहा मिनिटं नुसती आगपाखड केली, मुलीचं लग्न ठरत होतं. बाईंनी एकदाही 'पण' म्हटलं नाही. काही जणांना काहीच वाटलं नाही. एक जण म्हणाला, "सांगितलंत हे बरं केलंत," आणि त्याच्या त्या चार शब्दांवर बाईंनी पुढचे सहा फोन रेटले.

नैराश्याची नोंद असलेली मुलगी यादीत सातवी होती. बाईंनी तिला सदतिसावा फोन केला. तिला त्या म्हणाल्या, फोनवर नको, भेटायला येशील का?

ती दुपारी चार वाजता आली. तिसऱ्या वर्षाची, किडकिडीत, पाठीवर भलं मोठं दप्तर. दप्तर न काढता ती खुर्चीच्या कडेवर बसली. बाईंनी जे झालं ते सांगितलं, कुठे चूक झाली ते सांगितलं, कोणाची ते सांगितलं.

मुलीने दप्तराचा पट्टा घट्ट धरला. मग म्हणाली, "मी वर्गात सांगितलं होतं, मामाकडे गेले होते म्हणून. मामी आजारी होती म्हणून."

"मला माफ कर, बाळा."

"परवापासून सगळे माझ्याशी गोड बोलतायत. एकीने आपणहून वह्या आणून दिल्या. मला वाटलं, किती चांगल्या आहेत." तिने ओठ घट्ट मिटले. "तुम्ही मला का सांगितलंत? नसतं सांगितलंत तर मला तेच वाटत राहिलं असतं."

या प्रश्नाला एकोणीस कलमांत उत्तर नव्हतं. बाई म्हणाल्या, "कधीतरी कळलंच असतं. आणि मग वाटलं असतं, कॉलेजला माहीत होतं आणि तरी गप्प बसले."

"कोणाकोणाने उतरवून घेतली?"

"त्रेसष्ट जणांनी."

"नावं द्या."

नावं समोरच्या पडद्यावर होती. पडदा नुसता फिरवला असता तरी चाललं असतं. बाईंच्या मनात ते आलंही.

"नाही देता येत."

"का?"

"कोणी काय उघडलं ते दुसऱ्या विद्यार्थ्याला सांगायचं नाही, असा नियम आहे."

"म्हणजे त्यांची माहिती सुरक्षित आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ती उठली, दप्तर दाराच्या चौकटीत अडकलं, तिने ते ओढून काढलं आणि निघून गेली.

बाई त्या संध्याकाळी घरी आल्या त्या चपला न काढताच पलंगावर बसल्या. नवऱ्याने पाणी आणलं. अर्धा पेला वाटेत सांडला होता. दोघांनी तिकडे बघितलं नाही. बाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "अगं, पण त्या यादीत कारण लिहिलेलं होतंच कशाला?"

"म्हणजे?"

"परीक्षेवर देखरेख करणाऱ्याला काय कळायला हवं? या पोराला अर्धा तास जास्त द्यायचा. का द्यायचा, ते त्याला कशाला? माझ्याकडे घड्याळ आलं की ते कोणी कोणाला भेट दिलं हे मी विचारायचो का?"

तो रकाना पूर्वीच्या कागदी तक्त्यात होता, म्हणून संगणकावर आला, आणि संगणकावर होता म्हणून दर वर्षी त्यांनी तो भरला. ज्याला कामासाठी लागते त्यालाच दाखवायची, हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहून, त्याच हाताने पर्यवेक्षकांच्या चाळीस जोड्या डोळ्यांना दर वर्षी सगळ्यांची दुखणी वाढून ठेवली. बोट चुकलं ते त्या एका दिवशी. ही चूक मात्र वर्षानुवर्षं चालू होती, आणि तिची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

"मला का नाही दिसलं हे?"

"तू दमलेली असतेस," नवरा म्हणाला. "आणि माझं लपवायचं काहीतरी आहे, म्हणून मला दिसलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या त्रेसष्ट जणांना एकेकाला पत्र पाठवलं. यादी माझ्या चुकीने तुमच्यापर्यंत आली, ती पुसून टाका, पुसल्याचं कळवा, पुढे पाठवली असेल तर तेही कळवा. अठ्ठावन्न जणांची उत्तरं आली. चौघांना दोनदा, तीनदा आठवण करावी लागली. एकीने कळवलं की तिने ती वर्गातल्या एका ग्रुपवर टाकली होती, ज्यात नैराश्याची नोंद असलेली मुलगी नव्हती. बाईंनी तिला बोलावलं. ती वर्गप्रतिनिधी होती, आणि रडवेली होऊन आली.

"मला तिची काळजी वाटली, मॅडम. म्हणून ग्रुपवर विचारलं, की आपण सगळ्यांनी तिच्याशी नीट वागू या का. वाईट हेतू नव्हता."

"काळजी वाटली तर तिला एकटीला विचारायचं होतंस."

"पण मुळात यादी तुम्ही टाकलीत."

"टाकली. त्याची चौकशी माझी चालू आहे. पण पुढे पाठवलीस ती तू. पंधरा दिवस तुझं खातं बंद. सूचना फलकावर वाच."

मुलगी गेल्यावर बाईंना वाटलं, आपण कोण हिला शिक्षा करणारे? पण नियम स्वतःला लावायचा आणि दुसऱ्याला सोडून द्यायचं, यातही एक प्रकारचा तोरा असतो. त्यांनी खातं बंद केलं.

चौकशी झाली. तीन जणांची समिती, दोन बैठका, बिस्किटं. कर्मचारी कक्षात 'कुंपणानेच शेत खाल्लं' हे वाक्य आठवडाभर फिरत होतं. ज्यांनी जन्मात नियम वाचले नव्हते तेही बाईंना कलमांचे आकडे विचारू लागले. समितीने लेखी ताकीद दिली आणि ती बाईंच्या सेवापुस्तकात लागली. तेहतीस वर्षांतली पहिली. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? बाई म्हणाल्या, "यादीतला कारणाचा रकाना काढून टाका. कारण फक्त डॉक्टरांचा दाखला तपासणाऱ्या एका माणसाकडे राहू दे." समितीने मान डोलावली. एक रकाना कमी म्हणजे काम कमी, त्याला कोण नाही म्हणतो?

त्या मुलीने त्या सत्रातल्या दोन परीक्षा दिल्याच नाहीत. कॉलेजला येणंही थांबवलं. बाई रोज सकाळी पोर्टलवर हजेरी बघत. तिचं नाव शोधायला आपल्याला काही अधिकार आहे का, हा प्रश्न त्यांना दुसऱ्या आठवड्यात पडला, आणि त्यांनी बघणं थांबवलं. बघितल्याने ती येणार थोडीच होती. पुढे परीक्षा विभागातून आपोआपच कळलं की तिने फेरपरीक्षेचा अर्ज भरलाय.

वर्ष सरून वर तीन महिने गेले. एका दुपारी खिडकीत ती उभी. निकाल लागला होता, ती पास झाली होती. केस कापलेले, दप्तर नव्हतं.

"पासवर्ड का?" बाईंनी सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

"नाही. नियमांत लिहिलंय, शिक्षण पूर्ण झालं की आजारपणाचे कागद काढून टाकायला सांगता येतं. सतरावं कलम."

बाईंनी वर पाहिलं. "तू वाचलेस?"

"नंतर वाचले. सगळे."

बाईंनी तिला आत बोलावलं, अर्ज भरून घेतला, ओळखपत्र तपासलं. ओळखत होत्या तरी तपासलं. मग पडदा तिच्याकडे फिरवला. दाखला, रुग्णालयाचं पत्र, आईचा अर्ज, तीन जुन्या याद्यांमधली तिची ओळ, राखीव प्रतीतलीसुद्धा. एकेक उघडून दाखवलं, एकेक पुसलं. चांगला पाऊण तास लागला. बाहेर रांगेत कुरकुर वाढली, कोणीतरी खिडकीवर टकटक केली. बाईंनी बसल्या जागेवरून "थांबा" म्हटलं. मुलीने स्वतः आपलं नाव टाकून दोनदा शोधून पाहिलं. गुणपत्रक आणि प्रवेशाचा अर्ज, एवढंच निघालं.

"आता नक्की कुठेच नाही?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पोरीला तेवढंच ऐकायचं होतं आणि बाईंनाही तेवढंच बोलायचं होतं.

"आमच्याकडे नाही. बाहेर गेलेल्या यादीचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्रेसष्टपैकी एकाने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही."

मुलीने मान हलवली. पुसल्याची पावती घडी करून खिशात ठेवली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "मला तेव्हा फार राग आला होता त्याचा."

"आणि आता?"

तिने जरा विचार केला. "आताही आहे थोडा."

"असू दे," बाई म्हणाल्या.

ती गेली. बाईंनी टेबलाला धरून उठत पाय सरळ केले, डोकं छताला लागणार नाही असं बघितलं, आणि खिडकी उघडली. पहिल्याच पोराने आत वाकून सांगितलं, की त्याचा पासवर्ड त्याने बदललाय असं त्याला वाटतंय, पण नक्की आठवत नाही.